हुमणी नक्की काय खाते?

भाद्रपदाच्या सुमारास उसाचं एखादं बेट पिवळं पडू लागतं. पाऊस झालेला असतो, खत दिलेलं असतं, तरी पानं वाळत जातात. शेतकरी बेटाला हात घालून ओढतो आणि ते फारसा जोर न लावता उपटून येतं, कारण खाली मुळ्याच उरलेल्या नसतात. त्याच जागी मातीत एक जाडजूड, पांढुरकी, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी सापडते. ही हुमणी. माळरानावर आढळणारी होलोट्रायकिया सेराटा आणि नदीकाठच्या जमिनीतली ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या तिच्या महाराष्ट्रातल्या उसाला छळणाऱ्या दोन प्रमुख जाती.

मुळ्या गेल्यात आणि अळी जागेवरच सापडली आहे, तेव्हा आणखी पुरावा कशाला हवा, असं कुणालाही वाटेल. पूर्ण वाढलेल्या हुमणीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण थोडं पुढे विचारलं की उत्तरं पुसट होतात. अंड्यातून नुकती निघालेली अळी आधी मातीतले कुजके सेंद्रिय पदार्थ खाते आणि मग मुळांकडे वळते, असं कृषी मार्गदर्शनात सांगितलं जातं. हे वळण नेमकं कोणत्या आठवड्यात येतं? उसात भुईमुगाचं किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल, तर तिची वाढ जास्त कुणाच्या मुळांवर होते? शेणखत भरपूर घातलेल्या रानात ती काही काळ खतावर भागवते का? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर औषध कधी टाकायचं, आंतरपीक कोणतं घ्यायचं, खत कसं द्यायचं हे अवलंबून आहे.

हे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. पानावरची अळी खाताना दिसते, मातीतली दिसत नाही, आणि खणून काढली की ती खाणं थांबवते. पोट फाडून पाहिलं तर काळपट लगदा हाती लागतो. त्यात मुळांचे तंतू असतात, माती असते, बुरशीचे धागेही असतात. शिवाय पोटात गेलेलं सगळं अंगी लागतं असं नाही. मातीचे कण एका टोकाने आत जातात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. कोणत्या अन्नातून अळीचं शरीर घडलं हे कळायला हवं असेल, तर त्या शरीराचीच तपासणी करावी लागते. गेल्या काही दशकांत मृदा-प्राणिशास्त्रात हे स्थिर समस्थानिकांच्या मदतीने होऊ लागलं आहे. आपल्या उसाच्या पट्ट्यासाठी या पद्धतीहून सोयीचं साधन मला दुसरं दिसत नाही.

निसर्गातल्या कार्बनचे सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ असतात आणि उरलेले सुमारे १.१ टक्के कार्बन-१३. दुसऱ्यात एक न्यूट्रॉन जास्त, म्हणून तो किंचित जड. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिक म्हणतात. पुरातत्त्वात कालमापनासाठी वापरतात तो कार्बन-१४ किरणोत्सारी असतो आणि काळाबरोबर नष्ट होत जातो. हे दोघे मात्र स्थिर आहेत, जसेच्या तसे राहतात. नायट्रोजनचंही तसंच: बहुतेक सगळा नायट्रोजन-१४, आणि सुमारे ०.३७ टक्के नायट्रोजन-१५. रासायनिक वागणूक सारखीच, पण जड अणू अभिक्रियेत जरासा मागे पडतो. या ‘जरासा’वरच सगळी पद्धत उभी आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडताना बहुतेक वनस्पती रुबिस्को नावाचं विकर वापरतात, आणि रुबिस्को हलक्या कार्बन-१२ला झुकतं माप देतं. त्यामुळे या वनस्पतींच्या शरीरात कार्बन-१३ हवेतल्या प्रमाणाहून बराच कमी भरतो. सोयाबीन, भुईमूग, हरभरा, गहू, भात, कडुनिंब, बाभूळ हे सगळे या सी-३ गटातले. दुसरा गट सी-४ वनस्पतींचा. त्याचा शोध उसामुळेच लागला, ही गोष्ट ऊस पिकवणाऱ्या प्रदेशात अधिक माहीत असायला हवी. हवाईतल्या ऊस-संशोधकांना असं आढळलं की उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनी आम्लांत शिरतो. ते काम १९६५ साली प्रसिद्ध झालं. पाठोपाठ ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे हॅच आणि स्लॅक यांनी या मार्गाची रासायनिक साखळी उलगडली. या मार्गातलं पहिलं विकर जड कार्बनाबाबत फारसा भेदभाव करत नाही. म्हणून ऊस, मका, ज्वारी, बाजरी आणि बांधावरची हरळी यांच्या अंगात कार्बन-१३ तुलनेने जास्त असतो.

हा फरक मोजण्यासाठी ‘डेल्टा’ हे माप वापरतात. नमुन्यातलं जड-हलक्या अणूंचं प्रमाण एका ठरलेल्या मानकापेक्षा हजारात किती कमी किंवा जास्त, एवढंच ते सांगतं. कार्बनचं मूळ मानक अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या पी डी खडकांत सापडणाऱ्या एका जीवाश्माचं. बेलेम्नाइट हा माकूळवर्गीय सागरी प्राणी कोट्यवधी वर्षांपूर्वी जगला, आणि त्याच्या चुनखडी कवचावरून आज अळीचं जेवण मोजलं जातं. तो मूळ नमुना वापरून संपला, आता त्याच्याशी जुळवलेलं मानक वापरतात. नायट्रोजनसाठी मानक आहे साधी हवा. या मापावर सी-३ वनस्पती सरासरी उणे २७च्या आसपास येतात आणि सी-४ उणे १३च्या आसपास. मधलं अंतर १४ एककांचं. आजची उपकरणं ०.१ ते ०.२ एककापर्यंत अचूक मोजतात, त्यामुळे हे अंतर भरपूर झालं.

वनस्पतीची ही खूण खाणाऱ्याच्या शरीरात उतरते, हे मायकेल डीनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी कॅलिफोर्नियात दाखवलं. ठरावीक अन्नावर लहान प्राणी वाढवून त्यांनी अन्न आणि शरीर दोन्हींची तपासणी केली. १९७८ सालच्या त्यांच्या लेखाप्रमाणे शरीरातला कार्बन अन्नाहून सरासरी एखाद्या एककाने जड निघतो. नायट्रोजनचं गणित त्यांनी १९८१ मध्ये मांडलं आणि ते वेगळंच निघालं. प्राणी उत्सर्जनातून हलका नायट्रोजन जास्त टाकतात, जड मागे राहतो, त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर डेल्टा मूल्य ठसठशीत वाढतं. १९८४ साली मिनागावा आणि वाडा या जपानी संशोधकांनी अनेक प्राण्यांवरून ही वाढ सरासरी ३.४ एकक सांगितली. म्हणजे कार्बनवरून कोणत्या प्रकारच्या वनस्पतीचं अन्न खाल्लं ते कळतं, आणि नायट्रोजनवरून तो जीव साखळीच्या कोणत्या पायरीवर आहे ते कळतं. प्रत्यक्षात हे आकडे जातीनुसार आणि अन्नानुसार बदलतात. म्हणून जी अळी अभ्यासायची, ती आधी माहीत असलेल्या अन्नावर वाढवून तिचा स्वतःचा फरक काढून घेणं केव्हाही चांगलं.

प्रयोगशाळेतली कृती वर्णनात सोपी आहे, पण हातात काळजी लागते. अळीच्या आतड्यातली माती आणि अन्न काढून टाकावं लागतं, नाहीतर आपण अळीऐवजी तिचं शेवटचं जेवण मोजतो. नंतर ती गोठवून सुकवतात आणि बारीक पूड करतात. एक मिलिग्रॅमच्या आसपासची पूड कथलाच्या इवल्याशा डबीत बंद करून ऑक्सिजनच्या प्रवाहात सुमारे हजार अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळतात. शरीरातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, आणि नायट्रोजन वायुरूपात. हे वायू मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये आयनरूपाने चुंबकीय क्षेत्रातून जातात. हलके रेणू जास्त वळतात, जड कमी, आणि दोघांची मोजणी वेगवेगळी होते. हुमणीसारख्या अळ्यांत आणखी एक अडचण येते. त्यांच्या अंगात चरबी भरपूर असते, आणि चरबी तयार होताना जड कार्बन मागे राहत असल्याने चरबीचं मूल्य उरलेल्या शरीराहून बरंच खाली असतं. म्हणून चरबी विद्रावकाने काढून टाकतात किंवा गणितात तिची दुरुस्ती करतात.

या पद्धतीने मातीतल्या अळ्यांचा चांगला माग काढला गेला तो ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात. मिखाएल ट्राउगॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वायरवर्मवर, म्हणजे टिचकी मारल्यासारखे उडणाऱ्या एलाटेरिडी कुळातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर, सातत्याने काम केलं. या अळ्या बारीक, कडक आणि तारेसारख्या चिवट असतात, कित्येक वर्षं मातीत काढतात आणि मका-बटाट्याचं मोठं नुकसान करतात. त्या खातात काय, यावर जुनी मतं एकमेकांशी जुळत नव्हती. कुणी त्यांना मुळं खाणाऱ्या म्हणे, कुणी कुजकं खाणाऱ्या, तर कुणी त्यांना दुसरे कीटक खाताना पाहिलेलं. मध्य युरोपातल्या शेतांमधून गोळा केलेल्या अळ्यांचे कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मोजल्यावर २००८ साली चित्र बरंच स्पष्ट झालं. अ‍ॅग्रिओटिस प्रजातीच्या अळ्यांचं पोषण मुख्यतः जिवंत वनस्पतींवर होत होतं. मातीतल्या जुन्या सेंद्रिय पदार्थाचा वाटा थोडा होता. पण काही अळ्यांचा नायट्रोजन इतका जड निघाला की त्यांच्या आहारात प्राण्यांचा मोठा भाग असल्याशिवाय ते शक्य नव्हतं. एकाच शेतात, एकाच जातीत शाकाहारी आणि बऱ्यापैकी मांसाहारी अळ्या शेजारी शेजारी राहत होत्या. पोटात काय आहे ते पाहून हे कधीच खात्रीने सांगता आलं नसतं.

मका सी-४ आणि तण बहुतेक सी-३, या फरकाचा त्यांनी चांगला उपयोग करून घेतला. शेतात मक्याखेरीज इतर झाडोरा असेल तर अळ्या त्यावरही पोसतात, हे कार्बनमधून दिसलं. त्याच गटाचं २०१३ सालचं काम तर शेतकऱ्याच्या थेट कामाचं आहे. मक्याच्या आजूबाजूला वेगवेगळ्या वनस्पतींचं मिश्रण होतं तिथे वायरवर्ममुळे होणारं नुकसान कमी झालं आणि उत्पन्न वाढलं. तण दिसलं की उपटायचं या शिस्तीला हा निष्कर्ष प्रश्न विचारतो, आणि तो आपल्याकडेही विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

जंगलातल्या मातीबद्दलची एक जुनी समजूतही याच मोजमापाने हलली. पानगळीवर मातीतलं सगळं जीवन चालतं, असं मानलं जात होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळच्या एका जुन्या जंगलात उंच क्रेनच्या मदतीने झाडांच्या शेंड्यांमध्ये नळ्या पसरून काही वर्षं जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडला जात होता. त्या वायूचा कार्बन हवेतल्याहून हलका होता, त्यामुळे ती झाडं आपोआप ओळखचिन्ह असलेला कार्बन मुळांत आणि पानांत भरू लागली. मेलानी पोलिएरर, श्टेफान शॉय आणि सहकाऱ्यांनी तिथली गळालेली पानं साध्या झाडांखाली नेऊन टाकली आणि साध्या झाडांची पानं इकडे आणली. आता मातीतल्या प्राण्याच्या शरीरात चिन्हांकित कार्बन आला तर तो पानातून आला की मुळातून, हे वेगळं करता येत होतं. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: बहुतेक मृदा-प्राण्यांच्या शरीरातला कार्बन पानगळीपेक्षा मुळांच्या वाटेने आलेला होता. मुळांतून पाझरणारी साखर, तिच्यावर वाढणारी बुरशी आणि जिवाणू, आणि त्यांना खाणारे जीव, या साखळीचं वजन तोवर कमी लेखलं गेलं होतं.

पद्धत कुठे फसू शकते, हेही स्पष्ट सांगायला हवं. सगळ्यात मोठा चकवा नायट्रोजनचा. माती जितकी खोल आणि सेंद्रिय पदार्थ जितका जुना, तितका त्यातला नायट्रोजन जड. त्यामुळे जुनाट ह्यूमस खाणारा जीव आकड्यांत शिकारी असल्यासारखा दिसतो. आफ्रिकेतल्या माती खाणाऱ्या वाळवीत नेमकं हेच आढळतं. भुंगेऱ्यांच्या अळ्यांबाबत हा धोका खरा आहे, कारण त्यांच्यातल्या काहींना ह्यूमस पचवता येतो. जर्मनीत मारबुर्ग इथे आन्द्रेआस ब्रूने यांच्या गटाने पॅखनोडा या भुंगेऱ्याच्या अळीवर काम केलं आहे. तिच्या मध्य आतड्यात सामू दहाच्या वर जातो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात मातीतल्या ह्यूमसला घट्ट चिकटलेली प्रथिनं सुटी होतात आणि अळीला मिळतात. मागच्या फुगीर आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते आणि तिथे मिथेन वायूसुद्धा तयार होतो. अशा अळीचं शरीर अंशतः तिच्या पोटातल्या जिवाणूंनी प्रक्रिया केलेल्या अन्नातून घडतं. उपासमारीचाही परिणाम होतो. उपाशी अळी स्वतःचीच प्रथिनं वापरते आणि तिचा नायट्रोजन जड होत जातो. हा गुंता सोडवण्यासाठी आता सबंध शरीराऐवजी एकेक अमिनो आम्ल वेगळं करून मोजतात. वनस्पती, बुरशी आणि जिवाणू आपापली अमिनो आम्लं वेगळ्या पद्धतीने बनवतात, त्यामुळे त्यांचे ठसे वेगळे राहतात.

दुसरी मर्यादा अशी की पद्धत अन्नाचं नाव सांगत नाही, फक्त गट सांगते. मधातली भेसळ ओळखण्याची एक चाचणी याच तत्त्वावर चालते. फुलांचा मकरंद बहुतांशी सी-३ वनस्पतींचा, म्हणून उसाची साखर किंवा मक्याचं सिरप घातलं की मध पकडला जातो. पण तांदळाचं सिरप घातलं तर ही चाचणी गप्प बसते, कारण भातही सी-३. तसंच, अळी ऊस खाते की शेजारची ज्वारी, की बांधावरची हरळी, हे कार्बन सांगू शकत नाही.

आपल्या शेतांकडे या नजरेने पाहिलं तर प्रयोगाची मांडणी जवळपास तयार आहे. उसात सोयाबीन हे आंतरपीक घेतलं की दोन खाद्यांमध्ये १४ एककांचं अंतर मिळतं. समजा, ऊस उणे १३ आणि सोयाबीन उणे २७ आहे. अळीचं मूल्य उणे १९ आलं आणि तिचा स्वतःचा एका एककाचा फरक वजा केला, तर उरतं उणे २०. म्हणजे तिचा निम्मा कार्बन उसातून आला आणि निम्मा सोयाबीनमधून. इथे एक पथ्य पाळावं लागेल. जिथे वर्षानुवर्षं ऊस आहे, तिथली मातीही उसाच्याच कार्बनने भरत जाते, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी झाली तिथली काळी जमीनही सी-४कडे झुकलेली असते. अशा रानात उसाचं जिवंत मूळ आणि जुना ह्यूमस यांच्यात फरक उरत नाही. म्हणून कुजकं की जिवंत, हा प्रश्न विचारायचा असेल तर उसाच्या जुन्या रानात यंदा भुईमूग किंवा सोयाबीन घेतलेलं शेत निवडावं. तिथे जिवंत मूळ उणे २७ आणि माती त्याच्या बरीच वर असेल. जुलैपासून ठरावीक अंतराने अळ्या काढत गेलं की हुमणी कुजक्यावरून मुळांवर कधी सरकली, हे आकड्यांत उतरेल. शेणखताचा प्रश्न नायट्रोजनकडून सोडवता येतो. युरियातला नायट्रोजन हवेतून घेतलेला असल्याने त्याचं मूल्य शून्याजवळ असतं. शेणखतातून हलका अमोनिया उडून जातो, म्हणून मागे राहिलेला नायट्रोजन जड होतो. खतावर वाढलेली अळी आणि युरियावरच्या पिकाच्या मुळांवर वाढलेली अळी एकसारखी निघणार नाही.

आणि हुमणीचे प्रौढ, म्हणजे भुंगेरे. वळवाचे पाऊस झाले की होलोट्रायकियाचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात आणि पाला खातात. प्रकाश सापळ्यात किंवा झाड हलवून ते गोळा केले जातात. पाला खाल्ला तरी त्यांचे कडक वरचे पंख कोषात असतानाच, अळीपणीच्या अन्नातून घडलेले असतात आणि पुढे बदलत नाहीत. म्हणजे कडुनिंबावर सापडलेल्या भुंगेऱ्याच्या पंखाचा तुकडा तपासला तर तो सी-४ पिकाच्या रानात वाढला की सी-३ पिकाच्या, हे सांगता येतं. अशीच युक्ती फ्रेड गूल्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत बोंडअळीच्या पतंगांवर वापरली होती. कापसाच्या प्रदेशात पकडलेल्या पतंगांच्या पंखांत त्यांना मक्यासारख्या सी-४ वनस्पतींचा कार्बन सापडला, आणि बीटी कापसाजवळ आश्रयपीक किती ठेवावं या चर्चेला त्यातून ठोस आधार मिळाला. आपल्याकडे गावोगावी भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले जातात. त्यातले थोडे बाजूला काढले, तर कोणत्या पिकाचं रान पुढच्या वर्षीची हुमणी पोसतं याचा अंदाज बांधता येईल.

हुमणीवर काम करणाऱ्या कृषी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना म्हणून विनंती आहे. अळ्या गोळा कराल तेव्हा त्या अल्कोहोलच्या बाटलीत टाकू नका, कारण अल्कोहोल चरबी ओढून घेतं आणि मूल्यं बदलतात. त्या गोठवा. आणि प्रत्येक अळीबरोबर त्याच खड्ड्यातली पिकाची मुळं, तणांची मुळं, घातलेलं शेणखत आणि माती यांचेही नमुने वेगवेगळ्या पाकिटांत, तारीख आणि शेताचं नाव लिहून ठेवा. आजूबाजूच्या अन्नाचे आकडे नसतील, तर अळीच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही.